आज्जांच्या ओमेगाचं डायल रंगवून घ्यावं का?

निपाणीचा वखारवाला

आमच्या आज्जांचं ओमेगा कॉन्स्टेलेशन घड्याळ घरात आहे. आज्जा तंबाखूचे व्यापारी. मुंबईला माल गेला की हिशेबाला स्वतः जायचे, तसल्याच एका खेपेत घेतलेलं. पावती नाही. आज्जी एवढंच सांगायची, की तेव्हा आपण अजून मुंबई राज्यात होतो, म्हणजे नोव्हेंबर १९५६ च्या आधीचं. केस, म्हणजे बाहेरची पेटी, स्टीलची. मागच्या झाकणावर सोनेरी शिक्का, त्यात वेधशाळा आणि आठ तारे. हलवलं की सुरू होतं, पण आत काहीतरी टकटक आदळतंय असं हाताला लागतं. डायल मूळचं चंदेरी असावं. आता कडेनं तपकिरी झालंय आणि चारच्या खुणेपाशी दोन डाग पडलेत.

मे महिन्यात धाकट्या भावाचं लग्न आहे. त्याच्या हातात हेच घालायचं असं आईच्या मनात आहे. बेळगावात एका दुकानात दाखवलं, तर तो म्हणाला, डायल मुंबईला पाठवून रंगवून आणतो, केसला बफ मारतो, म्हणजे घासून चकाकी आणतो, शोरूमचं वाटेल. पुण्याचा आतेभाऊ म्हणतो हात लावू नका. आणि काका म्हणतात एवढंसं घड्याळ नवरदेवाला शोभतंय होय, बायकांचं दिसतंय. जाणकारांनी सांगावं.

अथणीचा दादा

रंगवा आणि मोकळे व्हा. डागाळलेलं घड्याळ घालून नवरा बोहल्यावर चढला तर पाव्हणे काय म्हणतील? माझ्याकडे वडिलांचं एचएमटी जनता आहे, चावीचं. डायल बदलून घेतलं, मशीन धडधाकट. घड्याळ घालायला असतंय, पुजायला नव्हे.

शहापूरचा घड्याळजी

दादा, जनताचं सोडा. १९६१ पासून बेंगळुरात जपानच्या सिटिझनच्या मदतीनं एचएमटीची घड्याळं बनायला लागली, ती सगळ्यांना परवडावीत म्हणूनच. तिचं डायल बदललं तर कुणाचं काही जात नाही. कॉन्स्टेलेशनचं तसं नाही, आणि आता मी दुकान बंद केलंय तेव्हा गिऱ्हाईक जाईल ही भीती नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

वखारवाले, आधी ती टकटक. बिघाड नाही तो. आजच्या ऑटोमॅटिक घड्याळात, म्हणजे हात हलला की आपोआप चावी भरते त्यात, चावी भरणारं वजन गोल फिरतं. रोलेक्सनं १९३१ मध्येच तसं केलं होतं. ओमेगाचं मात्र १९५५ च्या सुमारापर्यंत अर्धवट झुलायचं आणि दोन्ही टोकांना बारक्या स्प्रिंगांवर आपटायचं. इंग्रजीत बंपर म्हणतात. कॉन्स्टेलेशन बाजारात आलं १९५२ ला. म्हणजे तुमचं घड्याळ त्या चार-पाच वर्षांतलं, आज्जीचं बोलणं बरोबर बसतंय. मागचा शिक्का नुसता शोभेचा नाही. वेधशाळांमध्ये घड्याळांच्या अचूकतेच्या स्पर्धा व्हायच्या, त्यांत ओमेगानं मिळवलेल्या मानांची ती खूण आहे.

आता डायल. ते बाजूनं, तिरकं धरून बघा. मध्ये सपाट आणि कडेला बारा पैलू उतरलेले दिसले, उपडी ठेवलेल्या परातीसारखे, तर ते 'पाय-पॅन' डायल, इंग्रजी 'पाय' भाजायच्या भांड्यावरून पडलेलं नाव. कॉन्स्टेलेशनची सगळी ओळख त्या बारा कडांत आहे. खाली पितळेची चकती, त्यावर चांदीचा पातळ मुलामा, त्यावर बारीक छपाई, आणि वर पारदर्शक लॅकर. तास दाखवणाऱ्या खुणा रंगवलेल्या नसतात. त्या वेगळ्या घडवलेल्या असतात, त्यांचे पाय डायलच्या भोकांतून मागं काढून बसवलेले असतात. सहाच्या वरचा तारा तसाच.

रंगवणारा काय करतो? खुणा उपसतो. पाय वाकतात, कधी मोडतात, मग डिंक. लॅकर आणि मुलामा घासून पितळ उघडं करतो. घासताना त्या धारदार बारा कडा गोल होतात, आणि एकदा गोल झाल्या की ब्रह्मदेव आला तरी परत येत नाहीत. मग वर रंग आणि नवी छपाई. अशी डायलं मी खूप बघितलीत. भिंगाखाली लगेच कळतात: ओमेगाची अक्षरं जाडी, मिनिटाच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळत नाहीत, तळाचं 'स्विस मेड' एका बाजूला सरकलेलं, नाहीतर गायबच. लांबून चकाचक. ज्याला कळतं तो मात्र ते उचलून परत ठेवतो, आणि किंमत तिथंच पडते.

डाग कशानं पडले हे ओळखता येतं. आपल्याकडे पावसाळाभर हवा ओली असते, चावीजवळचं आणि झाकणाचं रबर कडक झालं की ओल आत शिरते, लॅकरखालचा मुलामा काळवंडतो. तेव्हा पैसे रबरावर आणि ऑइलिंगवर घाला. मशीन पूर्ण उघडून धुवायला हवं. वाळलेल्या तेलावर घड्याळ चालवलं तर आतले भाग झिजतात. केसला बफ अजिबात नको, पट्टा जिथं बसतो त्या शिंगांच्या कडा पातळ होतात.

आणि काकांना सांगा, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मनगटी घड्याळ म्हणजेच बायकांचं असं पुरुष म्हणायचे आणि खिशात साखळीचं ठेवायचे. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिशात हात घालायला सवड नव्हती, तेव्हा ते बदललं. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं १९३२ चं कालात्राव्हा जेमतेम ३१ मिलिमीटरचं, आणि ते पुरुषांसाठीच. तुमचं ३५ च्या आसपास असेल. १९७२ ला जेराल्ड जेंटा या डिझायनरनं ऑडेमार पिगे या कंपनीसाठी रॉयल ओक काढलं, ३९ मिलिमीटरचं, तर लोकांनी त्याला 'जंबो' नाव ठेवलं! स्टीलचं असून सोन्याच्या घड्याळांहून महाग, आठ कोनांच्या कड्यावर आठ स्क्रू उघडे. मला स्वतःला ते कधी आवडलं नाही, पण जेंटाचं डोकं मोठं होतं हे खरं.

कॅम्पातली सून

मध्येच विचारते, माफ करा. आजेसासरे मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीपर्यंत जाऊन आलेले. त्यांचं वेस्ट एंड कंपनीचं सोवार प्राइमा हे घड्याळ आहे. आकडे हिरवट रंगाचे, पण अंधारात आता चमकत नाहीत. म्हणजे रेडियम संपलं ना? मिस्त्री म्हणतोय खरवडून नवीन भरतो.

शहापूरचा घड्याळजी

ताई, खरवडू देऊ नका! चमक गेली म्हणून रेडियम गेलेलं नाही. रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. त्यात मिसळलेलं, रेडियममुळं चमकणारं झिंक सल्फाइड मात्र काही वर्षांत जळून जातं, म्हणून प्रकाश पडत नाही. ती भुकटी श्वासातून आत जाणं वाईट. काच बंद ठेवा, मुलांच्या हातात देऊ नका, उशाशी ठेवू नका. वेस्ट एंड कंपनी १८८६ पासून मुंबईत होती आणि आपल्या पलटणीतल्या पुष्कळ हातांवर सोवार असायचं. जसं आहे तसं जपा.

अथणीचा दादा

घड्याळजी काका, पटलं बरं का. पण नवरदेवाच्या फोटोत डाग दिसणार ते दिसणारच की.

निपाणीचा वखारवाला

दिसू देत. रविवारी आईला भिंगातून पैलू दाखवले, बारा आहेत, कडा अजून बोटाला लागतील अशा. रंगवायचं रद्द. नुसतं ऑइलिंग आणि रबर. आमच्या काकांनी ३१ मिलिमीटर ऐकून विषय बदलला. घड्याळजी काका, एकच विचारायचं राहिलं: काचेवर चरे आहेत, ती तरी बदलू का?

शहापूरचा घड्याळजी

थांबा. ती काच म्हणजे प्लास्टिक आहे. अगदी मध्यभागी, भिंगाखाली, केसाएवढं बारीक ओमेगाचं चिन्ह कोरलेलं दिसतंय का बघा. असलं तर काच ओमेगाचीच. चरे पॉलिशनं जातात, मऊ कापडावर टूथपेस्ट घेऊन हळू घासलं तरी चालतंय. तडा असेल तरच बदला, आणि काढलेली जुनी काच दुकानदाराकडून मागून घ्या.