बेरीज येते, वजाबाकी येते. शाब्दिक उदाहरण मात्र अडते

प्रश्न: तिसरीची आई (नाशिक)

नमस्कार. माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकते. हातच्याची बेरीज आणि वजाबाकी ती सहसा न चुकता करते, दहापर्यंतचे पाढेही तिला पाठ आहेत, मात्र त्याच संख्या एखाद्या प्रसंगात गुंफून दिल्या, की उदाहरण पूर्ण न वाचताच ती "आई, यात अधिक करायचं की वजा?" असे विचारते. शिकवणीत तिच्याकडून एक यादी पाठ करून घेतली आहे: "एकूण" दिसले की बेरीज, "उरले" दिसले की वजाबाकी, "प्रत्येकी" दिसले की गुणाकार किंवा भागाकार. साधी उदाहरणे त्या यादीने सुटतात, पण जरा वळण आले की ती हमखास चुकते. अधिक सराव द्यावा, की शिकवण्याची रीतच बदलावी? शेजारी अबॅकसचा वर्ग सुचवत आहेत. त्याने हा प्रश्न सुटेल का?

उत्तर १: निवृत्त प्राथमिक शिक्षक (सातारा जिल्हा)

ताई, अडचण त्या यादीतच आहे. हे उदाहरण पाहा: "सईकडे १२ पेन्सिली आहेत. त्या राहुलच्या पेन्सिलींपेक्षा ४ ने जास्त आहेत. राहुलकडे किती?" यादी पाठ केलेले मूल "जास्त" हा शब्द पाहून १६ लिहून मोकळे होते. उत्तर ८ आहे, आणि ज्या मुलाने दोघांच्या पेन्सिली डोळ्यांसमोर आणल्या त्याला ते क्रियेचे नाव न घेताही सापडते.

यादीतील शब्द शोधण्याची सवय लागली, की मूल वाक्याचा अर्थ सोडून देते. म्हणून काही दिवस क्रियेचे नावच काढू नका. उदाहरण आपण वाचून दाखवावे, पुस्तक मिटावे आणि "काय घडलं ते तुझ्या शब्दांत सांग" एवढेच म्हणावे. याचा आणखी एक उपयोग असा, की ऐकून जमते आणि वाचून जमत नाही असे दिसले, तर कच्चेपणा गणितात नसून वाचनात आहे हे कळते. अनेक घरी या दोन गोष्टींची गल्लत होते आणि मुलाला विनाकारण वजाबाक्यांची पाने भरावी लागतात.

प्रसंग सांगता आला की तो मांडायला सांगावा. चिंचोके, काड्यांचे गठ्ठे किंवा आपल्या शाळांमध्ये असते ती शंभर मण्यांची गणितमाळ, यांपैकी काहीही चालेल. तुलनेच्या उदाहरणासाठी एकाखाली एक अशा दोन पट्ट्या काढाव्यात. लांब पट्टी सईची, आखूड राहुलची आणि मधला फरक ४ चा. ही पट्टी तिनेच काढली पाहिजे, कारण आपण काढून दिली तर ती पट्टीतल्या संख्याही तशाच उचलून कुठलीतरी क्रिया करील.

अबॅकसने मनातल्या मनात आकडेमोड करण्याचा वेग वाढू शकतो. आपल्या मुलीला आकडेमोड येतेच आहे. कोणती आकडेमोड करायची हे ठरवणे तिला जड जाते, आणि ते मण्यांच्या चौकटीतून शिकता येत नाही.

उत्तर २: आकडेवेडा (पुणे)

गुरुजींच्या म्हणण्याला माझी पुस्ती. ही सवय केवळ आपल्याकडचीच नाही. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९७९ च्या सुमारास गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी लहान मुलांना विचारले होते, की एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? बहुतेक मुलांनी दिलेल्या संख्यांवर काहीतरी क्रिया करून वय काढून दिले. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास १३ वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय चाचणीतही असेच घडले. सैन्याच्या एका बसमध्ये ३६ सैनिक बसत असतील तर ११२८ सैनिकांना किती बस लागतील, या प्रश्नाला सुमारे २९ टक्के मुलांनी "३१, बाकी १२" असे उत्तर दिले. भागाकार बिनचूक होता, फक्त ते बारा सैनिक रस्त्यावरच राहिले.

घरी हेच लहान आकड्यांनी करता येईल. सहलीला ४५ मुले आहेत आणि एका जीपमध्ये ८ बसतात. उत्तर पाच आले तर उरलेल्या पाच जणांचे काय, हे तिलाच विचारावे.

मात्र एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. पट्ट्या काढण्याचाही रोजचा रिवाज झाला, तर ती दुसरी यादीच ठरेल. म्हणून अधूनमधून असा प्रश्न द्यावा, ज्याची रीत कोणीच सांगितलेली नाही आणि ज्याला एकाहून अधिक उत्तरे आहेत. मला आवडणारा प्रश्न असा: १०, ५ आणि २ रुपयांची नाणी हवी तेवढी आहेत, तर २० रुपये किती प्रकारे देता येतील? खरी नाणी पुढ्यात ठेवावीत. मुले आधी वाटेल तशी मांडतात, तेच उत्तर दोनदा सांगतात, आणि मग "सगळे प्रकार झाले हे कशावरून?" असे विचारल्यावर क्रम लावू लागतात: आधी दहाची दोन नाणी, मग एक, मग एकही नाही. एकूण सहा प्रकार निघतात. पाच रुपयांचे नाणे एकटे का चालत नाही, ते जोडीनेच का येते, हे एखाद्या मुलाच्या लक्षात आले तर त्या दिवशी बाकीचा अभ्यास खुशाल राहू द्यावा.

तिसरीची आई

दोघांचेही मनापासून आभार. आपण म्हणता तसे काल वाचून दाखवले, तेव्हा पेन्सिलींचे उदाहरण तिने चिंचोके मांडून सोडवले. स्वतः वाचताना मात्र ती "पेक्षा" हा शब्द गाळून पुढे जाते, असे दिसले. आणखी एक शंका आहे. लगेच सुचले नाही की तिचे डोळे भरून येतात आणि मग मलाच राहवत नाही, मी सांगून टाकते. तेव्हा काय करावे?

निवृत्त प्राथमिक शिक्षक

उत्तर सांगण्याऐवजी उदाहरण लहान करावे. १४३ आणि ६७ यांच्या जागी ५ आणि २ घालून तोच प्रसंग विचारला, की काय करायचे ते बहुधा तिला दिसते. नंतर मूळ संख्यांकडे परत यावे. तेही जमले नाही तर "यातलं तुला काय माहीत आहे?" एवढे विचारून थांबावे. हे थांबणे मोठ्यांनाच जास्त कठीण जाते, शिक्षकांनाही. उदाहरण उद्यावर टाकायलाही हरकत नाही; प्रत्येक प्रश्न बसल्या जागीच सुटला पाहिजे ही अट परीक्षेची आहे, घराची नाही.

"पेक्षा" गाळला जातो, यावर एक उपाय आहे. उदाहरणे तिलाच तयार करू द्यावीत. "१२ वजा ४ करावे लागेल असं गणित माझ्यासाठी बनव, पण त्यात 'उरले' हा शब्द यायचा नाही" अशी अट घालावी आणि ते आपण सोडवावे. मधूनच मुद्दाम चुकावे व तिला पडताळा घ्यायला लावावे. आईची चूक शोधताना मुले प्रत्येक शब्द नीट वाचतात.