पाहुण्यांना वाइनरीत जेवायला नेलं, चुकलं का?

पांझराकाठ (धुळे)
धाकटा भाऊ तीस वर्षं सुरतेत, उधन्याला. संक्रांतीनंतर बायकोपोरांना घेऊन आला. पुतणीचा हट्ट एकच, नाशिकच्या वाइनरीत जेवायचं. (पुतणी चोवीसची आहे, आधीच सांगून ठेवतो.) गुजरातेत १९६० पासून दारूबंदी, त्यामुळे त्या पोरांना असल्या जागेचं अप्रूप. जाऊन-येऊन तीनशेच्या वर किलोमीटर, आम्ही सात जण. आईपण, वय ७६.

जागा छान होती. समोर बाग, पलीकडे धरणाचं पाणी. बाग दाखवणाऱ्या मुलाने आईच्या हातावर एक मणी ठेवला. तिने चावला, बी थुंकली आणि म्हणाली, "एवढुसं, जाड सालीचं, नुसत्या बिया. हे इकत कोन घेतं?" जेवताना पिझ्झा आला तर पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली, भुरभुरवली आणि दोन तुकडे संपवले. वेटरने बघून न बघितल्यासारखं केलं. वाइन भावाने आणि पुतणीने घेतली, बाकी आम्ही लिंबू सरबतवाले.

आता मामा गावभर सांगताहेत, "माझ्या बहिणीला दारूच्या कारखान्यात नेलं." तुम्हीच सांगा.

भरीतवाला (यावल)
चुकलंच. जानेवारी म्हणजे भरताच्या वांग्यांचा ऐन हंगाम. पाव्हना उना म्हंजे वावरमा भरीत, हे धुळ्याच्या माणसाला यावलच्या माणसाने सांगायचं? पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडजीत कुटायची, वरून कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. सुरतेत पिझ्झा मिळत नाही का? तीनशे किलोमीटर फिरून पोरांनी पाहिलं काय, तर चटणी लावलेला पिझ्झा!

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री (जळगाव)
मस्त केलंत. आणि मामांना सांगा, वाइन म्हणजे दारू नव्हे. शेतमाल आहे. आपण प्यायलो की शेतकऱ्याचं भलं होतं.

गिरणामाय (भडगाव)
शेतमाल? बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं त्यात, बिअरच्या दुपटीहून जास्त. शेतमालच म्हणायचा तर उसाच्या मळीची देशीही शेतमालच. आमच्या गावात बायकांनी आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूबंदीसाठी, उन्हातान्हात मतदान केलंय, त्यांच्यासमोर हे बोलून दाखवा.

दिंडोरीचा_जावई (चाळीसगाव)
भाऊ, शेतकऱ्याच्या भल्याचं मी सांगतो. २००१ ला सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, पुढे सासऱ्यांनी दोन एकर वाइनची द्राक्षं लावली. खायची थॉमसन असली तर एका व्यापाऱ्याने नाकारली तरी दुसरा येतो, कुणीच नाही आला तर बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाला मंडईत कुत्रं विचारत नाही. आईंनी एका मण्यात ओळखलं, त्यांना मानलं! कंपनीने गोडी मोजून माल उचलला तर ठीक, नाहीतर घड वेलीवर सुकतात. सासऱ्यांनी शेवटी बाग तोडली. २०२२ ला सुपरमार्केटात वाइन विकायची घोषणा झाली तेव्हाही हेच भलं ऐकलं होतं. तुम्ही जेवायला खुशाल जा, चांगलंच आहे, पण ते शेतकऱ्यासाठी गेलात असं म्हणू नका.

मोहफूल (शहादा)
सातपुड्यात पाड्यावर मोहाची पहिली धार देवाला जाते, मग माणसांना. ती पोलिसांनी पकडली की गुन्हा. नाशकात तीच नशा काचेच्या पेल्यात गोल फिरवून हुंगली की पर्यटन. गावात फुग्यातली गावठी पिणारा बेवडा आणि तुमचा भाऊ शौकीन? मामा निदान सगळ्यांना एकाच मापाने मोजतात.

(बाकी सुरतवाल्यांचं नवल नाही. नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. त्यांना तहान बरोबर कुठे लागते ते ठाऊक आहे.)

खापरावरची (अमळनेर)
भरीतवाले दादा, एक विचारते. सात माणसांची वांगी भाजतं कोण? तुम्ही काड्या पेटवता, फोटो काढता. कळण्याच्या भाकरी थापायला, कांदे चिरायला आणि शेवटी बडजी घासायला आम्हीच. मागच्या दिवाळीत नणंदेची माणसं आली, चार दिवस मी वरण-बट्टीच्या धुरात. पाचव्या दिवशी त्या निघताना म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याशी बोलणंच झालं नाही." धाग्यातल्या वहिनींनी निदान एक दिवस खुर्चीत बसून खाल्लं. वाइनरी असो नाहीतर ढाबा, मला फरक पडत नाही.

भरीतवाला (यावल)
ताई, आमच्याकडे भरीत पुरुषच करतात.

खापरावरची (अमळनेर)
आणि भाकरी?

भरीतवाला (यावल)
…

घाटातला_ट्रक (मालेगाव)
सगळे संस्कृतीवर बोलताहेत, मला साधं सांगा. परत येताना गाडी कोणी चालवली? रोज राहूड घाट चढतो-उतरतो, संध्याकाळी नाशिकहून येणाऱ्या गाड्या कशा लहरतात ते बघतो. कायद्यात मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. दोन पेल्यांत ती सहज ओलांडली जाते.

पांझराकाठ (धुळे)
ट्रकवाले भाऊ, नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत. हे लिहायचं टाळलं होतं. दोन पेल्यांनंतर भाऊच चालवणार म्हणून अडून बसला. गाडी त्याची, आणि "वाइन काय चढते का!" पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं तमाशा. मी मोठा असून गप्प, पाहुण्याला तोडून कसं बोलायचं? शेवटी आईने हात पुढे केला, "किल्ली दे." त्याने दिली. चालवली माझ्या बायकोने, चांदवड, मालेगाव, थेट धुळे. भाऊ मागे बसून सौंदाण्यापासून घोरत होता.

मामांना हा भाग अजून कळलेला नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येताहेत मांडे खायला. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "करीन. पण त्या दिवशी पीठ मळायला तुमचा भाऊ पाहिजे."