शब्दचर्चा : 'बनावट प्रक्षेपण' यात खोटं काय, रॉकेट का व्हिडिओ?

जिंतूरकर
शाळेतल्या पोरांसाठी एक टिपण मराठीत आणायलोय. रॉकेटचे सरकारी व्हिडिओ खोटे असतात असं म्हणणारे नेमकं काय म्हणतात अन् त्यात तथ्य किती, असा विषय आहे. मी 'बनावट प्रक्षेपण' लिहिलं तर आमचे दुसरे सर म्हणले, म्हणजे रॉकेट उडलंच नाही, का उडलं पण टीव्हीवर दाखवलं ते खोटं? रॉकेट सोडणं पण प्रक्षेपण अन् मॅच लाईव्ह दाखवणं पण थेट प्रक्षेपण. त्यात पुढच्याच ओळीत 'भारतीय बनावटीचं क्रायोजेनिक इंजिन' आलंय, तिथं बनावट म्हणजे घडण.

खरी अडचण त्याच्याही पुढं आहे. 23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी चांद्रयान 3 चा विक्रम लँडर (यानाचा उतरणारा भाग) चंद्रावर उतरला, तेव्हा स्क्रीनवर लँडर खाली येताना दिसत होतं ते कॅमेऱ्यातलं नव्हतं. लँडरकडून उंचीचे अन् वेगाचे आकडे यायलेत अन् त्यावर कॉम्प्युटर चित्र हलवायलाय, असं ते होतं. उतरतानाचा खऱ्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ इस्रोनं दुसऱ्या दिवशी दिला. मग त्या हलत्या चित्राला काय म्हणायचं? बनावट म्हणणं अन्याय आहे. खरं म्हणलं तर पोरं विचारणार, बाजूला कॅमेरा धरून कोण उभं होतं?

लातूरची_लेक
सर, सरळ 'बोगस व्हिडिओ' लिहा. आपल्याकडं बोगस बियाणं म्हणलं की लहान लेकराला पण कळतं. बनावट हा पेपरवाल्यांचा शब्द, बोगस हा आपला.

शुद्धलेखनी
बोगस 'आपला' कसा काय? तो अमेरिकेतून आलाय, तिथं खोटी नाणी पाडायच्या यंत्राला आधी बोगस म्हणायचे. मराठीला 'कूट' हा चांगला शब्द आहे, खोट्या दस्ताला कूटलेख म्हणतात, मग कूटचित्रण का नको? आपण चांगले शब्द वापरत नाही अन् मग ते मेले म्हणून रडतो.

लातूरची_लेक
कूट म्हणलं की आमच्याकडं शेंगदाण्याचं. पोरांना काय तेच समजणार.

ओवीवाचक
'प्रक्षेपण' वरच थांबा जरा. क्षिप् म्हणजे फेकणं. रॉकेट वर फेकलं ते प्रक्षेपण, चित्र घरोघर फेकलं ते पण प्रक्षेपण, अन् पोथीत मागून कोणीतरी ओव्या घुसडल्या त्या प्रक्षिप्त. एकनाथ महाराजांनी पैठणला शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती असल्याच पाठांच्या भेसळीपायी. म्हणजे अस्सल कोणतं अन् मागून घातलेलं कोणतं हा वाद गोदाकाठी चारशे वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. माझं म्हणणं, खऱ्या व्हिडिओत एखादा तुकडा घुसडला असंल तर 'प्रक्षिप्त' हाच शब्द नेमका बसतो, बनावट नाही.

नांदेडचा_नाद
शब्दाचं राहू द्या, मला आधी हे सांगा की श्रीहरिकोट्याहून रॉकेट सरळ वर न जाता समुद्राकडं वाकडं का होतं? आमच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरायलाय, खाली लिहिलंय 'रॉकेट बंगालच्या उपसागरात पडतं, पुढचं सगळं स्टुडिओत'. मी भांडायला नाही आलो, मला खरंच कळून घ्यायचंय.

जिंतूरकर
नुसतं उंच जाऊन भागत नाही ना भाऊ. पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर आडवा वेग लागतो, सेकंदाला साधारण पावणेआठ किलोमीटर. म्हणून रॉकेट मुद्दाम कलतं. पूर्वेकडं समुद्र आहे, रिकाम्या झालेल्या टाक्या तिकडं पडल्या तर खाली वस्ती नाही. अन् तिथं लोकांना बसून बघायला गॅलरी केलीय, हजारो माणसं डोळ्यानं बघून येतात.

माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा 7 सप्टेंबर 2019 चा आहे. चांद्रयान 2 चा लँडर चंद्रावर उतरत असताना संपर्क तुटला अन् स्क्रीनवरचा तो हिरवा ठिपका जागेवर थांबला. आकडे बंद, चित्र बंद. खोटंच दाखवायचं असतं तर त्या रात्रीच उतरवून दाखवलं असतं की! पंतप्रधान समोर बसलेले, सगळा देश जागा. कोणी कशाला स्वतःचं अपयश लाईव्ह दाखवंल?

नांदेडचा_नाद
हे पटलं. पण अमेरिकेवाल्यांचं यान चंद्रावरून परत उडताना शूटिंग कोणी केलं?

जिंतूरकर
ते अपोलो 17 चं, डिसेंबर 1972. कॅमेरा तिथंच सोडलेल्या गाडीवर होता अन् ह्यूस्टनमधून एड फेंडेल नावाचा माणूस तो फिरवत होता. सिग्नल पोचायला सव्वा सेकंद लागतो म्हणून यान उडायच्या आधीच त्यानं कॅमेरा वर करायची कमांड दिली.

भारूडवाला
आकड्यांवर हलणाऱ्या चित्राला 'सोंग' म्हणा. भारुडात गडी लुगडं नेसून येतो तेव्हा फसवलं असं कोणी म्हणत नाही, बघणाऱ्याला माहीत असतं.

शुद्धलेखनी
अन् 'सोंग करतोय' म्हणलं की? पोरं तोच अर्थ घेणार. शासकीय टिपणात सोंग शब्द चालायचा नाही.

भारूडवाला
शाळेतल्या पोरांचं टिपण शासकीय कधी झालं?

दक्खनी
सगळे संस्कृतकडं पळायलेत. आपल्या भागात निजामाच्या काळापासून दफ्तरात अस्सल अन् नक्कल हे दोन शब्द आहेत, दोन्ही अरबी. अन् इथली नक्कल म्हणजे फसवणूक नाही, शिक्का मारलेली नक्कल कोर्टात चालते. 'अस्सल बरहुकूम नक्कल' असं खाली लिहिलेलं मी आजोबांच्या कागदावर वाचलंय. इस्रोचं ते चित्र म्हणजे लँडरच्या हालचालीची नक्कलच, बरहुकूम नक्कल.

ओवीवाचक
बरहुकूम म्हणजे हुकुमाप्रमाणं ना? मग अस्सलाला तिथं हुकूम का म्हणलंय?

दक्खनी
हुकूम इथं आज्ञा नाही, 'त्यात जसं आहे तसं' असा अर्थ. आमच्याकडं खासरा पत्रकाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या कागदाच्या, नकलेवर पण तसंच असायचं.

लातूरची_लेक
खासरा का खसरा? आमच्या तलाठ्याकडं दोन्ही ऐकलंय. जालन्याकडं काय म्हणतात?