अर्धवेळ नोकरी, सुटं लेखन आणि गच्चीतली भाजी: यात भागतं, की ही नुसती हौस?

गच्चीकर
पुण्यात एका सीएच्या ऑफिसात सकाळी साडेनऊ ते दीड नोकरी करते. दुपारी लेखन: अनुवाद, जाहिरातींचा मजकूर, जमलं तर दिवाळी अंकासाठी कथा. संध्याकाळी गच्ची. पूर्णवेळ नोकरी सोडल्यापासून नातेवाइकांचा एकच प्रश्न, "म्हणजे तू नक्की करतेस काय?"

माझं मत: लिहिणाऱ्याने नोकरी सोडू नये, अर्धी करावी. पगार ठरल्या तारखेला जमा होतो, म्हणून शब्दाला चाळीस पैसे देऊ करणाऱ्याला मी सरळ नाही म्हणते. निव्वळ लेखनावर पोट असतं तर तेच काम हात जोडून घेतलं असतं. भाजीचं म्हणाल तर पालेभाज्या, मिरच्या, कढीपत्ता, अळू आणि पावसाळ्यात दोडका घरचा. कांदे-बटाटे मंडईतूनच येतात.

विरोधी मतं जरूर लिहा. "छान धागा" नको.

पगारदार
विरोध हवाय ना, घ्या. या हिशेबात घरभाडं कुठे आहे? स्वतःचं घर, वापरायला गच्ची आणि घरात दुसरा कमावता माणूस, या तिन्ही गोष्टी असल्या की सगळंच जमतं. हिंजवडीत भाड्याने राहणाऱ्या पोराला सांगून बघा, नोकरी अर्धी कर म्हणून. शिवाय छोटं ऑफिस म्हणजे वीस माणसांच्या आतलं. तिथे पीएफचा कायदा आपोआप लागू होत नाही. दहाच्या आत असाल तर ग्रॅच्युइटीचंही तेच. म्हातारपणी काय दोडके विकणार?

गच्चीकर
घर आपलं आहे, नवऱ्याचा पगारही आहे. नाकारत नाही. पण मी उलट विचारते: ज्यांच्याकडे हे सगळं आहे, तेही रोज दहा तास ऑफिसात का बसतात? आरोग्य विम्याचा हप्ता लेखनाच्या पैशातून जातो आणि पीपीएफ स्वतः भरते. दोडके विकणार नाही, काळजी नसावी.

खर्डेघाशा
मी पूर्णवेळ फ्रीलान्स. माझा आक्षेप वेगळा आहे. ताई, तुम्ही दिवसाचा सगळ्यात चांगला तुकडा ऑफिसला देताय. दीड वाजता घरी येऊन, जेवून, डुलकी आवरत जे लिहिलं जातं त्याला मजकूर म्हणतात, कथा नाही.

आणि जुलैचं काय? सीएच्या ऑफिसात जुलै रिटर्नचा, सप्टेंबर ऑडिटचा. दिवाळी अंकाचे संपादक साहित्य मागतात तेही जुलै-ऑगस्टात. तण माजतं, वेल मांडवावर चढवायचे असतात, तेही तेव्हाच. तिन्ही सुग्या एकदम! का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक भर पावसात बसून दिवाळीचं लिहितोय. पण मागे टॅक्स ऑडिट लावून घेतलेला मला तरी कोणी माहीत नाही.

जुनाट
खर्डेघाशा, मराठीत लेखन पूर्वीपासून नोकरी सांभाळूनच झालंय. केशवसुत शाळामास्तर, मर्ढेकर आकाशवाणीत, नारायण सुर्वे आधी शाळेत शिपाई, मग शिक्षक. अर्धवेळ नव्हे, चांगल्या पूर्णवेळ नोकऱ्या! सकाळचा ताजा मेंदू वगैरे नव्या पिढीची चैन आहे.

खर्डेघाशा
आणि त्या तिघांपैकी गच्चीत दोडका कोणी लावला होता?

स्लॅबवाले काका
लेखनाचं तुमचं तुम्ही बघा. मी तीस वर्षं बांधकामात आहे. माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीचा चलभार, म्हणजे स्लॅबच्या स्वतःच्या वजनावर पेलायचं माणसांचं-सामानाचं वजन, आयएस ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो धरलेला आहे. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर जाते. म्हणजे सहा इंचांचा वाफा चौरस मीटरला सव्वादोनशे ते अडीचशे किलो झाला, त्यावर तुम्ही उभ्या. गळतीचं तर बोलतच नाही. भाजी फुकट मिळेल, वॉटरप्रूफिंग फुकट मिळत नाही.

गच्चीकर
काका, मातीचे वाफे नाहीतच. मुंबईच्या डॉ. दोशींची पद्धत वापरते: रसवंतीवरची उसाची चिपाडं, पालापाचोळा, वर थोडी माती, सगळं पिशव्यांमध्ये. पिशव्या विटांवर, तुळईच्या रेषेत. वजन बरंच कमी पडतं. रसवंतीवाला चिपाडं उलट आनंदाने देतो.

जुन्नरकर
आमची शेती आहे. तुमची मेथी महिन्याने निघते, आमचीही. फरक एवढाच की आमची जुडी भाव पडला की रस्त्यावर फेकावी लागते आणि तुमच्या जुडीचा फोटो स्टेटसला लागतो. राग नाही. पण निंबोळी तेल, कोकोपीट, कुंड्या, नळी हे सगळं धरून जुडी केवढ्याला पडते ते एकदा लिहाच.

गच्चीकर
कोकोपीट आणत नाही, पण मान्य. पहिल्या वर्षी मंडईपेक्षा महागच पडली. आताही पालेभाजीत फार सुटत नाही. सुटतं ते मिरची, कढीपत्ता आणि अळूत, कारण ते एकदा लावलं की चालू राहतं.

खर्डेघाशा
म्हणजे भाजी हिशेबातून गेली. उरलं लेखन. दिवाळी अंकाचं मानधन होळीला येतं, कंपन्यांचं त्याहून उशिरा. ते कसं सांभाळता?

गच्चीकर
उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली आहे, सूक्ष्म उद्योग म्हणून. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत कंपनीला पैसे द्यावे लागतात. मार्चअखेर मुदत टळून थकले तर तो खर्च त्यांना त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये वजावटीला मिळत नाही, पैसे देतील त्या वर्षीच मिळतो. बिलावर उद्यम क्रमांक आणि खाली ही एक ओळ टाकते. मार्चमध्ये त्यांचा अकाउंटंट स्वतःहून फोन करतो. हे मला कुठल्या लेखन-कार्यशाळेत नाही, ऑफिसात व्हाउचर तपासताना कळलं. सकाळचा ताजा मेंदू तिथे अगदीच वाया जात नाही.

खर्डेघाशा
हे आज रात्रीच करतो. पण जुलैचं उत्तर टाळलंत.

गच्चीकर
टाळलं नाही. कथा मे महिन्यात लिहून ठेवते. मांडवही तेव्हाच बांधून होतो, दोडका पहिल्या पावसात लागतो, पुढे त्याचं तो चढतो. जुलैत नवं लेखन घेत नाही आणि ऑफिसात पूर्ण दिवस बसते. त्या बदल्यात नोव्हेंबरमध्ये तेवढी सुट्टी.

पगारदार
थांबा. जुलैत पूर्ण दिवस? आणि ही बदली सुट्टी नेमणूकपत्रात आहे?

गच्चीकर
नाही. तोंडी ठरलंय.

पगारदार
कंपन्यांकडून ४५ दिवसांत पैसे काढता आणि स्वतःच्या साहेबांकडून दोन ओळी लिहून घेता येत नाहीत? उद्या साडेनऊला आधी तेवढं करा.

स्लॅबवाले काका
आणि पावसाळ्याआधी त्या पिशव्यांखालचं एकदा बघून घ्या.