जानेवारीत दोन दिवस विशाखापट्टणम: वृद्ध आई आणि लहान मुले सोबत असताना काय पाहावे?

प्रश्न (मूल, जि. चंद्रपूर)
धानाची मळणी आटोपली की जानेवारीतल्या एखाद्या शनिवार-रविवारी कुटुंबासह विशाखापट्टणमला जाण्याचा विचार आहे. आईचे वय बहात्तर असून तिला गुडघेदुखीचा त्रास आहे, मुलगा सहावीत आणि मुलगी तिसरीत आहे. आम्हा पाचही जणांनी आजवर समुद्र पाहिलेला नाही. आमच्या पाहण्यातले सर्वांत मोठे पाणी म्हणजे आसोलामेंढ्याचा तलाव. बोरा गुहा आणि अरकूची डोंगरदरी पाहिल्याशिवाय तिकडे जाण्यात अर्थ नाही, असे आमचे एक नातेवाईक ठासून सांगतात. दोन दिवसांत हे सारे बसेल काय?

उत्तर (सिरोंचा)
बसवायचे म्हटले तर बसेल, परंतु मग समुद्र राहून जाईल. बोरा गुहा शहरापासून सुमारे ९० किलोमीटरवर घाटात आहेत आणि आत पायऱ्यांची चढउतार पुष्कळ आहे. आईंना बाहेर बसवून ठेवावे लागेल आणि तुमचा एक पूर्ण दिवस त्यात जाईल.

प्रथम तिकिटाचे पाहावे. दिल्लीहून येणारी आंध्र प्रदेश एक्स्प्रेस नागपूर, बल्लारशाह, वरंगल, विजयवाडा या मार्गाने विशाखापट्टणमला जाते आणि बल्लारशाहहून प्रवास रात्रभराचा होतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडते, पण संक्रांत हा आंध्रातला सर्वांत मोठा सण असल्यामुळे १४ जानेवारीच्या आगेमागे त्या बाजूच्या गाड्यांत जागा मिळणे फार कठीण असते. म्हणून महिन्याचा शेवटचा आठवडा धरावा. परतीचे तिकीट रविवारी रात्रीचेच घ्यावे. सोमवारी पाणबुडी संग्रहालय आणि प्राणिसंग्रहालय दोन्ही बंद असतात.

आपल्याकडचे लोक कोकणातली छायाचित्रे पाहून सायंकाळी सूर्य समुद्रात बुडताना दिसेल, या अपेक्षेने किनाऱ्यावर जातात आणि हिरमुसतात. हा पूर्व किनारा असल्याने सूर्य समुद्रातून उगवतो आणि मावळतो तो शहरामागच्या डोंगरांकडे. तेव्हा मुक्काम रामकृष्ण बीचच्या रस्त्यालगत घ्यावा आणि पहाटे चालतच वाळूवर जावे. तुमच्या प्रवासातला सर्वांत मोलाचा तास तोच असेल, आणि त्याला तिकीटही लागत नाही.

त्याच रस्त्यावर कुरसुरा ही खरीखुरी पाणबुडी वाळूवर आणून ठेवलेली आहे. सोव्हिएत बनावटीची ही पाणबुडी १९६९ साली नौदलात दाखल झाली, १९७१ च्या युद्धात तिने भाग घेतला, २००१ मध्ये ती निवृत्त झाली आणि २००२ पासून तिचे संग्रहालय झाले. लांबी सुमारे ९१ मीटर असली तरी आतली वाट एवढी अरुंद आहे की समोरून माणूस आला तर अंग चोरावे लागते. आत माजी नौसैनिक माहिती सांगतात; मुलाला प्रश्न विचारू द्यावेत, ते आनंदाने उत्तरे देतात. आईंनी मात्र आत जाण्याचा आग्रह धरू नये. रस्त्यापलीकडे टीयू-१४२ हे नौदलाचे टेहळणी विमान २०१७ पासून लोकांसाठी ठेवलेले आहे, तेही लगेच पाहून होते.

सायंकाळी कैलासगिरीवर जावे. वरपर्यंत वाहन जाते, रोपवेही आहे, आणि माथ्यावर फिरणाऱ्या छोट्या आगगाडीत बसून आईंना न चालता दोन्ही बाजूंचा किनारा पाहता येईल. रविवारी सकाळी सिंहाचलमचे दर्शन घ्यावे. तेथील वराह-नरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाने झाकलेली असते आणि केवळ अक्षय्य तृतीयेला तिचे मूळ रूप दिसते, हे आईंना आधीच सांगून ठेवावे.

जेवणाची चिंता नको. भात तुमच्या घरचाच समजा. गोंगुरा म्हणून जे वाढतात ती आपली अंबाडीच, फक्त तिखट अधिक असते.

उत्तर (गडचिरोली)
वरील सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. गुहा वगळाव्यात हे मान्य. परंतु विशाखापट्टणमहून अरकूमार्गे छत्तीसगडमधील किरंदुलकडे जाणारी सकाळची गाडी हीच मुळात पाहण्यासारखी गोष्ट आहे. तिकडच्या बैलाडिला खाणींतले लोहखनिज बंदरापर्यंत नेण्यासाठी १९६० च्या दशकात बांधलेला हा मार्ग बोगद्यांमागून बोगदे ओलांडत घाट चढतो, आणि आईंना खिडकीजवळ बसून राहण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही. तिसरा दिवस काढता आला तर हे अवश्य करावे. दोनच दिवस असतील तर मात्र सिरोंच्याचे म्हणणे बरोबर आहे.

उत्तर (ब्रह्मपुरी)
भिमिलीच्या रस्त्यावर थोटलाकोंडा येथे टेकडीवर प्राचीन बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. आम्ही नागपूरची दीक्षाभूमी दरवर्षी पाहतो, पण भिक्खूंनी समुद्रासमोर बांधलेला विहार आम्ही तेथेच पहिल्यांदा पाहिला. वाहन वर जाते.

प्रश्नकर्ता (मूल)
सर्वांचे आभार. अरकू रद्द केले आणि नातेवाईकांना तसे कळवलेही. थोटलाकोंडा रविवारी दुपारी जोडतो. एक शंका उरली आहे: आईला समुद्रस्नान करायचे आहे, आणि हा हट्ट ती सोडणार नाही.

उत्तर (सिरोंचा)
रामकृष्ण बीचवर ते करू देऊ नये. तेथे ओढ जबर आहे आणि पोहणारी तरुण मुलेही बुडालेली आहेत. ऋषिकोंडा बीचवर न्यावे, तेथे जीवरक्षक असतात. तरीही आईंना पाण्यात उभे न करता ओल्या वाळूवर बसवावे, दोन्ही बाजूंनी तुम्ही दोघांनी हात धरावेत आणि लाट येऊन पायांवरून गेली की तांब्याने अंगावर पाणी घालावे. तांब्या घरूनच न्यावा.