मदत हवी आहे: एकेकटी चालवली की टेस्ट पास, एकत्र चालवली की फेल

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या मामांची हळदीची अडत आहे. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, अजून दिवाणजी हातानंच करतात, ती पायथनमध्ये करून द्यायचं मी मनावर घेतलंय. पैशाचा मामला, म्हणून या वेळी युनिट टेस्ट (कोडचा एकेक तुकडा तपासणाऱ्या चाचण्या) लिहायच्याच असं ठरवलं.

'पट्टी' हा क्लास, म्हणजे प्रत्येक पट्टीचा साचा. त्यात पोत्यांची लिस्ट आणि पोतं घालायची मेथड. एका टेस्टमध्ये तीन पोती घालून मोजतो, दुसरीत नवी पट्टी करून दोन. वेगवेगळ्या चालवल्या की दोन्ही पास. एकत्र चालवल्या की दुसरी म्हणते, 2 हवी होती, 5 आली. अहो, ऑब्जेक्ट नवा आहे! वैतागून टेस्टची नावं बदलली, तर आता तीनवाली फेल.

शिवाय 60.75 किलो, दर क्विंटलला 14,200, म्हणजे 8,626.50. दिवाणजी 8,627 धरतात, पायथनचं राउंड फंक्शन 8,626 देतं. मामा ऐकायचे नाहीत.

उत्तर: लिस्ट क्लासच्या ओळीखाली थेट लिहिलीय ना? मग ती क्लासची झाली. शेतकरी बदलला तरी वही तीच. इनिटमध्ये (नवी पट्टी करताना चालणारी मेथड) सेल्फवर, म्हणजे त्याच पट्टीवर, रिकामी लिस्ट ठेवा. पायथनचं युनिटटेस्ट मॉड्यूल नावांच्या अक्षरक्रमानं टेस्ट चालवतं, म्हणून नावं बदलल्यावर उलटं झालं. सेटअपमध्ये (प्रत्येक टेस्टआधी चालणारी मेथड) लिस्ट पुसून टाकायचा मोह होईल, तेवढं करू नका. टेस्ट पास होतील आणि एकाची पोती दुसऱ्याच्या पट्टीत जातील.

राउंडचं म्हणाल तर, बरोब्बर अर्धा आला की पायथन 3 सम आकड्याकडे झुकतं. गंमत म्हणजे 8,625.50 चंही 8,626 च येतं. नेमकी तीच टेस्ट लिहिली असती तर पास होऊन तुम्ही निवांत झोपला असता! डेसिमल (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) घ्या, त्यात राउंड हाफ अप, म्हणजे अर्धा आला की वर, असं सांगा. आकडा मात्र स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) म्हणून द्या, फ्लोट (साधा दशांश आकडा) दिलात तर त्यातली कसर आत येते. दोन्ही रकमांच्या टेस्ट ठेवा.

धागाकर्ता: लिस्ट आत नेली, सगळ्या पास. आभारी आहे दादा. दिवाणजींकडनं जुन्या पाच पट्ट्या मागून घेतल्या, त्यांचेच आकडे टेस्टमध्ये घातले. चार जुळल्या. पाचवीत हमाली दोनदा कापलीय, आणि अक्षर दिवाणजींचं आहे. आता हे त्यांना कसं सांगायचं, त्याला वेगळा धागा काढतो.