बाबाच्या खात्यातून आधारच्या अंगठ्यावर पैसे गेले, काय करू?

कापसाचे पैसे आले होते, काल मेसेज पाहिले तं 10000 असे दोनदा गेले, ना ओटीपी आला ना कोणाचा फोन, बाबा तं दिवसभर वावरात होते. बँकवाले म्हणतात अंगठा तुमचाच आहे. बाबा कालपासून जेवले नाहीत भाऊ.

उत्तर १: आधी 1930 ले, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनले फोन लाव, आत्ताच. मग बँकेत लेखी अर्ज दे, शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नको. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे, चूक तुमची नाही अन बँकेचीही नाही असं असंल तं 3 कामाच्या दिवसांत कळवल्यावर भुर्दंड ग्राहकावर येत नाही.

उत्तर २: आधारच्या साईटवर ऑथेंटिकेशन हिस्ट्री, म्हणजे आधार कधी कधी वापरलं त्याची यादी निघते, अंगठा कोणत्या तारखेले किती वाजता लागला ते दिसते, बाबा तेव्हा वावरात होते ना, मग प्रिंट काढून अर्जाला जोड. अन तिथंच बायोमेट्रिक लॉक करून टाक, मग अंगठा चालत नाही. जमिनीच्या रजिस्ट्रीच्या कागदावरचे ठसे उचलून हे लोक सिलिकॉनचा अंगठा बनवतात. फक्त राशन घ्याच्या दिवशी लॉक उघडा लागंल.

उत्तर ३: संचार साथी या सरकारी साईटवर बाबाच्या नावानं सिम किती आहेत तेही पाय.

1930 लागला, तक्रार नंबर भेटला. उद्या सकाळच्या यष्टीनं बँकेत जातो.